पंचवीस अंश

यकृताचा तुकडा वाटाण्याएवढा होता. नातीच्या पोटात अन्नाची नळी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाच सर्जनने तो काढून घेतला होता आणि पुन्हा काढता येणार नाही, हेही त्याच वेळी बजावून ठेवले होते. पोर तेवढे सोसणार नव्हती.

नात साडेचार वर्षांची. तिला सगळे खारू म्हणतात. पायावर उभी राहिली त्या दिवसापासून ती चालली अशी नाहीच, एकदम पळत सुटली. आता सात महिने झाले, ती उभी राहत नव्हती. बोलणेही आटत चालले होते. मी वहीत तिचे शब्द मांडून ठेवत असे. मार्चमध्ये चाळीस होते, जूनमध्ये बावीस, आणि ज्या महिन्याची ही हकिगत आहे त्या महिन्यात नऊ.

दुखणे काय आहे ते मुलांच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीला कागदावर चित्र काढून समजावले. मी उभे आयुष्य हेच काम केलेले, तरी तिच्याशेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिलो. शरीरात एक एन्झाइम असते. अन्नातल्या एका घटकाचे रूपांतर करणे एवढेच त्या प्रथिनाचे काम. खारूचे ते एन्झाइम काम करत नव्हते, म्हणून तो घटक साचून मेंदूला बाधत होता. एन्झाइमला मदतनीस म्हणून एक जीवनसत्त्व लागते. तेव्हा शक्यता दोन. एन्झाइमची जीवनसत्त्वावरची पकड नुसती सैल असेल, तर जीवनसत्त्व भरपूर दिले की काम सुरू होईल. परंतु एन्झाइमची घडीच कच्ची असेल, तर...

"तर काय?" मुलीने विचारले.

"आधी बघू या ना," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पेनाचे टोपण लावले.

बघायचे म्हणजे त्या वाटाण्यातून एन्झाइम वेगळे काढायचे आणि ते काय करते ते मोजायचे. ज्या संस्थेत मी छत्तीस वर्षे तंत्रज्ञ होतो, तेथेच हे होणार होते. प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुख बाई एके काळी माझ्याकडूनच पिपेट धरायला शिकल्या. लोकांसमोर मी त्यांना मॅडम म्हणतो, शीतखोलीत मात्र जुन्या सवयीने 'अगं' निघून जाते.

"यंत्राला पातेलंभर लागतं, काका," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे चमचाभरही नाही. एवढ्याशातून काढायचं तर हातानंच काढायला हवं, आणि तसा हात आता इथे कुणाचा राहिला नाही. पण नातेवाइकानं नमुन्याला हात लावू नये, असा नियम आहे."

"नियम मीच लिहून भिंतीवर लावला होता."

"म्हणून तर विचारतेय. हात थरथरेल?"

"चार अंशांत सगळ्यांचाच थरथरतो," मी म्हणालो. "सवय झाली की त्याला लय येते."

त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

कोठारपालाने मला स्वेटर घालताना पाहिले आणि दारातूनच हाक दिली, "आले बर्फकाका! आता शीतखोलीलाच हुडहुडी भरायची." हे नाव मला माझ्या एका हट्टामुळे पडले. एन्झाइम बर्फावरून उचलले की जीव मुठीत धरून पळायचे आणि काम झाले की परत बर्फावर ठेवायचे. मध्ये कोणाशी बोलायचे नाही. एन्झाइम ही फार हळवी जात आहे. उष्णतेने त्याची घडी मोडते, आणि एकदा मोडलेली घडी पुन्हा बसत नाही. उकडलेल्या अंड्याचे परत कच्चे अंडे होत नाही, तसेच.

सोमवारी सकाळी मी तुकडा थंड द्रावणात काचेच्या दांड्याने वाटला, सेंट्रिफ्यूजवर फिरवून गाळ खाली बसवला आणि वरचे फिकट गुलाबी पाणी कॉलममध्ये सोडले. कॉलम म्हणजे करंगळीएवढी काचेची नळी. तिच्यात बारीक मणी भरलेले असतात आणि ते नेमके हेच एन्झाइम धरून ठेवतात. बाकीचे सारे खाली वाहून जाते. मग दुसरे द्रावण ओतून एन्झाइम सोडवून घ्यायचे, थेंबाथेंबाने. मी छोट्या नळ्यांची रांग मांडली आणि एकेका नळीत दहा-दहा थेंब मोजले. मनात खारूचे नाव येऊ द्यायचे नाही, असे ठरवले होते. पंधराव्या नळीपर्यंत ते जमले.

मंगळवारी दुपारपर्यंत सतराव्या आणि अठराव्या नळीत शुद्ध एन्झाइम हाती आले होते. सगळे मिळून पाऊण चमचासुद्धा नव्हते, पण इतके स्वच्छ मी नोकरीतही क्वचितच काढले असेल. मग मोजणी. एन्झाइम त्याचे काम करू लागले की द्रावणाचा रंग चढत जातो. यंत्र तो रंग मोजते आणि कागदावर पेन तिरकी रेष काढते. रेष जितकी उभी, तितके काम जास्त. निरोगी माणसाच्या एन्झाइमची रेष शंभर धरली. खारूच्या एन्झाइमची रेष जीवनसत्त्वाशिवाय चार. जवळजवळ आडवीच. मग मी जीवनसत्त्वाचे दोन थेंब टाकले, आणि पेन कागदावर चढू लागले. मी एकदा मोजले. नवीन नळी घेऊन पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. एकसष्ट.

एरवी मी मोजणी संपल्यावर वही पूर्ण करतो, सही करतो आणि मगच तोंड उघडतो. त्या दिवशी स्वेटरही न काढता मुलीला फोन लावला.

"लागू पडतंय," मी म्हणालो.

 मग जावयाने फोन घेतला. तो लिफ्टची दुरुस्ती करतो आणि कोणत्याही प्रसंगी विनोद शोधतो. सात महिने मात्र त्याला तो सापडला नव्हता.

"किती, बाबा? आकडा सांगा, तुम्ही आकड्याशिवाय बोलत नाही."

"एकसष्ट टक्के."

"एकसष्ट म्हणजे पहिला वर्ग! बापानं जन्मात पन्नास ओलांडले नाहीत हो!" आणि तो हसता हसता रडू लागला.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी जीवनसत्त्वाचा मोठा डोस सुरू केला. मुलीने नणंदेला कळवले, शेजारणीला कळवले, खारूच्या बालवाडीच्या बाईंनाही कळवले.

गुरुवारी मॅडम माझा अहवाल वाचत होत्या. त्या वाचताना ओळीखाली पेन्सिल फिरवतात. ती सवय त्यांना मीच लावली. पेन्सिल एका जागी थांबली.

"काका, मोजणी पंचवीस अंशांवर केलीत?"

"हो. नेहमीप्रमाणे."

 पेन्सिल तेथून हलली नाही. मग माझ्या ध्यानात आले.

तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी आम्हाला शिकवले होते, की मोजणी पंचवीस अंशांवरच करायची, म्हणजे आपला आकडा जगातल्या कोणाच्याही आकड्याशी ताडून पाहता येतो. छत्तीस वर्षांत नळ्या ठरावीक उष्णतेवर ठेवणाऱ्या माझ्या वॉटर बाथची चकती पंचवीसवरून हललेली कोणी पाहिली नाही. आकड्यावर मी लाल रंगाचा ठिपकासुद्धा दिला होता. हजारो मोजण्यांसाठी ते योग्यच होते. पण खारू काही पंचवीस अंशांवर राहत नाही. माणसाचे शरीर सदतीस अंशांवर असते, आणि डॉक्टरांचा प्रश्नच मुळी घडी कच्ची आहे का, हा होता. कच्च्या घडीची परीक्षा उष्णतेत होते. मी ती गारव्यात घेतली आणि पहिला वर्ग देऊन मोकळा झालो.

"चूक माझीही आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमची वही, म्हणून मी तपासलीच नाही."

अठराव्या नळीत चार मोजण्यांपुरते एन्झाइम उरले होते. मी चकती सदतीसवर नेली. पाणी तापायला वीस मिनिटे लागली. तोवर आम्ही दोघे उभेच होतो. मग मी एन्झाइम टाकले आणि जीवनसत्त्व टाकले. पेन झपाट्याने चढले, मंगळवारपेक्षाही उभे. मॅडमनी श्वास सोडला. मी सोडला नाही. तिसऱ्या मिनिटाला रेष किंचित कलली. पुढे ती वाकत गेली, वाकत गेली, आणि विसाव्या मिनिटाला आडवी होऊन कागदाच्या कडेकडे चालू लागली. निरोगी एन्झाइमची रेष त्याच उष्णतेत तासभर सरळ गेली.

दुसऱ्या मोजणीत जीवनसत्त्व दसपट घातले. निम्मे एन्झाइम मोडायला चार मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटे लागली, एवढाच फरक. शरीर नवे एन्झाइम बनवत राहते हे खरे. पण ते फुटक्या घागरीत पाणी भरणे झाले. तिसरी मोजणी मी तीस अंशांवर केली. तिची गरज नव्हती. मॅडमनी अडवले नाही. तेथे निम्मे मोडायला अडतीस मिनिटे लागली. चौथ्या मोजणीने दसपट जीवनसत्त्वासह पुन्हा सदतीस अंशच तपासले, कारण पद्धत तशी आहे. साडेपाचच आली.

"डॉक्टरांना मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "घरी तेच सांगतील."

"घरी फोन मी केला होता," मी म्हणालो.

मुलीचे घर संस्थेपासून दोन थांब्यांवर. मी चालत गेलो. ती खिडकीपाशी खारूला मांडीवर घेऊन बसली होती. खारूच्या अंगावर दुलई होती, पायांत लोकरीचे मोजे.

"बाबा, बरं झालं आलात! काल तिनं चमचा धरला, स्वतःहून. नणंदबाई म्हणाल्या, तुझा बाप म्हणजे देवमाणूस. मी म्हटलं, देव कसला, बर्फ आहे नुसता." ती हसली. मग माझ्याकडे नीट पाहिले. "काय झालं?"

मी क्रमाने सांगितले. आधी पंचवीस, मग सदतीस, मग दसपट. मधले काही गाळले नाही; मला दुसऱ्या कोणत्याही रीतीने सांगता येत नाही. ती ऐकत होती आणि तिचा हात खारूच्या केसांतून फिरत होता. मी चुकलो, हेही मी सांगितले. त्यावर तिने मान हलवली, जणू ते कोणा तिसऱ्याबद्दल होते.

"पण पंचवीसवर चालतं," ती म्हणाली.

"चालतं."

"आणि तीसवर?"

"अडतीस मिनिटं टिकतं."

"मग तिला थंड ठेवली तर?"

"बाळ, शरीर स्वतःच आपली उष्णता धरून असतं. तीसवर आणलं तर माणूस..."

"तीस नाही म्हणत मी. छत्तीस. नुसतं छत्तीस. ताप उतरला की छत्तीस असतंच ना कधीकधी?"

मी ते उत्तर येताना वाटेतच मनात काढले होते. काढले नसते तर बरे झाले असते.

"सात मिनिटं," मी म्हणालो. "अंदाजे."

"सात साडेपाचापेक्षा जास्त आहेत."

"आहेत. पण त्यानं—"

"जास्त आहेत ना, बाबा?"

"हो."

तिने खारूच्या अंगावरची दुलई बाजूला केली. मग एकेक करून मोजे काढले आणि ते माझ्याकडे दिले. खिडकी उघडी केली. बाहेर ढगाळ होते, वारा आत येत होता. खारूने पाय जवळ ओढायचा प्रयत्न केला; ते तिला आता नीट जमत नाही.

"खारूच्या बाबांना काही बोलू नका," मुलगी म्हणाली. "आले की मीच सांगेन. त्यांना त्यांच्या पद्धतीनं सांगावं लागतं." मग खारूला गादीवर निजवून ती आत गेली आणि नळाखाली रुमाल भिजवल्याचा आवाज आला.

खारूचे पाय थोड्याच वेळात गार पडले. मी ते दोन्ही तळव्यांत धरले. मग ते ऊबदार होतील म्हणून सोडले. ती माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा धरले. मुलगी ओला रुमाल घेऊन बाहेर आली, माझ्या हातांकडे पाहत क्षणभर उभी राहिली आणि खाली बसून तो रुमाल तिने खारूच्या कपाळावर ठेवला.