परातीतले किडे

घोंगडी बाजूला झाली आणि शेडभर "आईऽऽ गं" असा एकच आवाज उठला. पितळेच्या परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे तरंगत होते. मागच्या बाया टाचा उंचावून बघत होत्या, पुढच्या पदर तोंडाला लावून मागं सरत होत्या. परातीच्या मधोमध विटेवर निखाऱ्यांचं खापर धुमसत होतं आणि त्या खापरावर दोन्ही हात धरून माझी सख्खी बहीण, आक्का, बसली होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. पाण्यातले किडे पाहून ती मटकन मागं कलंडली.

पाचोडचा बाजार होता. बाजारतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुंजाराम महाराजांचा दरबार भरायचा. दात, कान, डोळे, कातडी, जिथं दुखतं तिथले किडे महाराज धुरानं बाहेर काढायचे.

"निघ! कातड्यातल्या निघ, मांसातल्या निघ, सांध्यातल्या निघ!" महाराजांनी चिमटा आपटला. "ज्यानं धाडलं त्याच्या दारात जा! बघा रे बघा! डाक्तरला दिसले नाय, मशिनीला दिसले नाय, पुंजारामाला दिसले!"

"महाराज, आधी रिकामी परात दाखवा, आणि खापरात काय टाकता तेही दाखवा," मी म्हणाले.

महाराज हसले. "मास्तरीण दिसतीया. ताई, शंका हा पण एक किडाच हाय. तुमचापण काढू." लोक खदखदून हसले. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "गप बस की गं. तुझ्यापायी आमचा नंबर जाईल."

मग महाराज आक्काकडं वळले. आवाज खाली आला, मधाळ झाला. "माय, तुझ्या घरात एक पाऊल नवीन आलंय. व्हय का नाय?"

आक्कानं मान हलवली.

"लई गोरं नाय, लई काळं नाय. तोंडानं गोड. त्याच्या हातचं खाऊ नको. जवर ते पाऊल घरात, तवर हे किडे अंगात."

अर्ध्या मराठवाड्यातल्या सुना ह्या वर्णनात बसल्या असत्या. आक्काला मात्र एकच दिसली, कावेरी. दीड वर्षापूर्वी घरात आलेली तिची सून.

आमची आक्का म्हणजे आशाबाई. शहरात उस्मानपुऱ्यात राहायची. दाजी, बद्रीनाथराव, मूळचे पाचोडकडचेच. शेती भावाकडं सोडून शहरात नोकरीला आलेले. मुलगा बन्सी एका दुकानात हिशेब बघायचा. आक्काची पन्नाशी जवळ आली, पाळी आधी मागंपुढं होऊ लागली आणि मग बंदच झाली. "सुटले बाई," असं ती मला म्हणाली, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. पुढं तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या, आणि मग खाज सुरू झाली. हात, पाठ, नडग्या. कातडीवर ना पुरळ ना डाग, पण मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. जेवायला वाढता वाढता ती उलथन्याच्या दांड्यानं पाठ खाजवायची. कढत पाण्यानं अंघोळ करायची, खरखरीत दगडानं अंग घासायची, फरशी पुसायचं औषध बादलीत ओतायची. ह्या सगळ्यानं कातडी आणखी कोरडी पडायची आणि खाज वाढायची.

"दिसत तर काहीच नाय," दाजी म्हणायचे.

हेच ते वाक्य. दिसत नाही म्हणून डॉक्टरकडं नको, आणि दिसत नाही म्हणूनच करणी. मी तिला दवाखान्यात चल म्हणाले तर म्हणायची, "काय सांगू डाक्तरला? पाळी गेली आन् अंग खाजतंय? पुरुष माणसं बसलेली असत्यात तिथं." करणी झाली असं ती चारचौघांत सांगू शकत होती. पाळी गेली असं तिला सांगता येत नव्हतं.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. त्या दिवशी दाजींनीच मला पाचोडला नेलं होतं, "तू सायन्सवाली, तूच डोळ्यानं बघ" असं म्हणून. मी बघितलं. ते किडे सगळे एका मापाचे होते आणि एकही वळवळत नव्हता. गर्दी आक्काला सावरत होती तेवढ्यात मी परातीतले दोनतीन उचलून डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी एक किडा ठेवला. त्याला तोंड नव्हतं, आतडं नव्हतं, पाय नव्हते. एका टोकाला इवल्या दोन पानांची जोडी होती आणि दुसऱ्या टोकाला मुळाचं टोक. तो बीजातला अंकुर होता. कॉलेजच्या कुंपणाशी भुईरिंगणी उगवते, काटेरी, पिवळ्या फळांची. तिच्या बिया दोनतीन दिवस सुकवून, तुपात घोळून मी गरम खापरावर टाकल्या. त्या तडतडल्या, फुटल्या, आणि आतले अंकुर उडून बाजूच्या पाण्यात पडले. पांढरे, बारीक, वळलेले.

मी धावत उस्मानपुऱ्यात गेले. कावेरी घरात नव्हती.

"बन्सी सोडून आला तिला, शेंद्र्याला, तिच्या माहेरी," आक्का म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"काय म्हणून?"

"काय म्हणून म्हंजे? तू नव्हती का तिथं?"

मी बियांचं सांगितलं, अंकुराचं सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आन् मग हिची खाज कशानं गेली?"

खाज खरंच गेली होती. महाराजांनी आक्काला एक मलम दिलं होतं, कापराच्या वासाचं, पांढरं, प्लास्टिकच्या डबीतलं. आक्कानं ते हातापायांना चोपडलं आणि तिला कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. त्या झोपेपुढं माझा सूक्ष्मदर्शक काय टिकणार? सून गेली आणि खाज गेली, असा हिशेब घरात पक्का झाला. बन्सीनं एकदा तोंड उघडलं. "पण कावेरीनं केलं काय?" दाजी म्हणाले, "आईचं अंग आधी, मग बायको." बन्सी गप्प बसला. तो कायमच गप्प बसायचा, आणि घरातले त्याला गुणी म्हणायचे.

आक्का दर बाजाराला नवी डबी आणायची. काही महिन्यांनी तिच्या हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. बांगडी घासली तरी रक्त यायचं. जांघेत लालभडक चट्टे उठले. मलम एक दिवस चुकलं की अंगाची आग व्हायची. मग मी तिला विचारलंच नाही, रिक्षात घातलं आणि उस्मानपुऱ्यातच दवाखाना असलेल्या डॉक्टर बिल्किस यांच्याकडं नेलं. बायकांच्याच डॉक्टर, पन्नाशीच्या पुढच्या, फटकळ.

त्यांनी आक्काचे हात उलटेसुलटे करून पाहिले, डबी हुंगली. "अहो आशाबाई, ह्याच्यात स्टेरॉइड घातलंय असं मला वाटतं. तपासून आणल्याशिवाय लिहून देणार नाही, पण तुमची कातडी बोलतेय. खाज दाबून टाकतं हे औषध. दाबताना कातडीपण खाऊन टाकतं."

"मग किडे, डाक्तर?"

"कसले किडे हो? पाळी बंद कधी झाली तुमची?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरबाई हसल्या. "मलापण झालं होतं. मुंग्या चालल्यासारखं व्हायचं ना? मी तर ऑपरेशन थिएटरमध्ये कोपर खाजवत उभी राहायचे. पाळी जाताना अंगातला एक रस कमी होतो, कातडीचा ओलावा जातो. सगळ्यांनाच होत नाही, पण लई जणींना होतं. सांगत कोणी नाही."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर, थायरॉइड, लिव्हर, रक्त कमी आहे का ते. खाज म्हणजे दर वेळी पाळीचीच असं समजून बसायचं नाही, म्हणाल्या. मलम एकदम न तोडता त्यांच्या देखरेखीखाली कमी करायचं ठरलं. कढत पाणी बंद, दगड बंद, फरशीचं औषध तर बंदच. कोमट पाण्यानं पटकन अंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन, नखं कापलेली, सुती कपडे, फारच खाजलं तर गार ओलं फडकं. "लगेच जाणार नाही. हळूहळू जाईल. आणि नाहीच गेली तर पुढचे उपाय आहेत, मी बसलेय इथं."

आक्का रिक्षात म्हणाली, "इमल, तिला पण झालं होतं म्हणाली. तिच्या घरात कोण नवीन आलं होतं?"

तिचं तिलाच कळायला हवं होतं.

पुढच्या बाजाराला आक्का स्वतःहून म्हणाली, "ते बियाचं मला तिथं करून दाखव. माझ्या हातानं करीन मी."

आम्ही पाचोडला गेलो, दाजीही आले. शेडसमोर रांग होती. महाराज यायचे होते. रांगेतल्या बायांना पाणी पाजत एक बाई फिरत होती आणि गोड बोलून चौकशी करत होती. घरात कोण कोण, सून आली का, जावेशी पटतं का. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हाही ती होती. आक्काच्या शेजारी बसून तिनं कावेरीचं लग्न कधी झालं तेही विचारलं होतं. आक्का तिच्याकडं बघतच राहिली.

समोरच्या चहावाल्याकडून मी परात आणि वरवंटा मागून घेतला. परातीत पाणी ओतलं आणि लोकांना हात बुडवून बघायला सांगितलं. मधोमध विटेवर त्याच्याच भट्टीतल्या निखाऱ्यांचं खापर ठेवलं. वरवंटा दोन विटांवर असा आडवा ठेवला की तो बरोबर खापरावर यावा. तोवर महाराज आले. गर्दी आमच्याकडं वळलेली पाहून त्यांचा चिमटा हातातच राहिला.

"महाराज, ह्या दगडाला लई खाज सुटलीया," आक्का म्हणाली. तिचा आवाज सगळीकडं ऐकू गेला.

तिनं बियांची मूठ निखाऱ्यांवर टाकली आणि वरून घरून आणलेली घोंगडी ओढली. तडतड आवाज आला. धूर निघाला. थोड्या वेळानं तिनं घोंगडी काढली. वरवंट्याखालच्या पाण्यावर पांढरे किडे तरंगत होते.

"दाजी, वरवंट्यावर कुणी करणी केली?" मी विचारलं. "वरवंट्याची सून कोणती?"

काही लोक हसले. मी रिंगणीचं पिवळं फळ फोडून बिया दाखवल्या, भिंगाखाली अंकुर दाखवला. शाळेतली पोरं आधी पुढं आली, मग चहावाला, मग रांगेतल्या दोघी. दाजींनी भिंगातून पाहिलं आणि ते उन्हात जाऊन उभे राहिले.

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बघा!" ते ओरडले. "दगडातून किडे निघाले! म्हंजे बाधा किती मोठी असंल!"

आणि रांगेतली एक म्हातारी पुढं झाली. तिनं वरवंट्याला कुंकू लावलं आणि हात जोडले.

तो क्षण मी विसरलेले नाही. लबाड माणसाचा राग येतो, पण तो राग सोपा असतो. त्या म्हातारीवर मी कसली रागावणार होते? तिचंही काहीतरी दुखत असणार आणि तिचंही कुणी ऐकलं नसणार. तरी त्या दिवशी निम्मी रांग मोडली. काही आठवड्यांत शेड उठली. दुसऱ्या कुठल्या गावात लागली असेल.

आक्का शेंद्र्याला गेली, सोबत मीही. कावेरीनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. ती आता तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जात होती.

"माझं चुकलं बाई," आक्का म्हणाली. "डाक्तरीण म्हणली, ते पाळीमुळं होतं. तुझं काय नव्हतं त्यात. महाराजाचे किडे आम्ही पाचोडला दगडाखालनं काढून दाखवले. चल घरी."

"आत्या, खाज थांबली का?" कावेरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"पुष्कळ कमी हाय."

"बरं झालं. पण उद्या तुमचं डोकं दुखलं तर? मामंजींना दम लागला तर? दर वेळी मावशीनं दगड मांडून दाखवायचा का, मी चेटकीण नाय म्हणून?" तिनं रिकामे कप उचलले. "बन्सी मला सोडायला आले तेव्हा वाटभर एक शब्द बोलले नाय. मला वाटलं, निदान विचारतील, तू केलंस का? विचारलं असतं तरी मी नाय म्हणले असते."

आक्का रडली. कावेरीनं तिला पाणी दिलं, बसस्टॉपपर्यंत पोचवलं, आणि ती परत गेली. ती आली नाही. पुढच्या वर्षी रीतसर सोडचिठ्ठी झाली. आक्काची खाज आता फारशी उरलेली नाही. सकाळी अंघोळीनंतर ती मुकाट्यानं हातांना खोबरेल चोळते. स्वयंपाक एकटीच करते.

हे सगळं का सांगितलं? कारण महाराजांकडं काहीही नव्हतं. मूठभर रानटी बिया, घोंगडी, डबीतलं औषध आणि चौकशा करणारी एक बाई, एवढंच. बाकीचं सगळं आपण पुरवलं. आपली लाज पुरवली, गप्प बसणं पुरवलं, आणि घरातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात दुबळ्या माणसावर संशय घ्यायची तयारी पुरवली. बायांनो, पाळी जाताना अंगाला काय होतं ते बोला. आईशी, बहिणीशी, सुनेशी बोला, डॉक्टरला स्पष्ट सांगा. पुरुषांनो, दिसत नाही म्हणजे नाही असं म्हणू नका. आणि कुणी तुमच्या अंगातून किडा काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी तो आला कुठून ते विचारा. एकटीनं विचारलं तर तिला आगाऊ म्हणतात, हे मी पाहिलं आहे. सगळ्या शेडनं विचारलं असतं, तर महाराजाला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

विचारा.