दोन पळ्या कालचा

"बाबा, बघा तरी! तोंड दिसतंय तुमचं त्यात."

सुनेनं पळीनं पातेल्यावर टकटक केलं. म्हातारा टपरीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. चुलीवर पातेलं चकाकत होतं. आत रस्सा मंद उकळत होता, वर भाजलेल्या कांद्याचा वास होता, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त पातेलं ओळखू येत नव्हतं. काल संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा ते बाहेरून काजळीनं काळं आणि आतून गळ्यापर्यंत तपकिरी वलयांनी भरलेलं होतं.

"कधी घासलंस?"

"पहाटे येऊन. हे म्हणाले, पाहुणे यायच्या आत आरसा झाला पाहिजे. दोन तास लागले, बाबा. राख, लिंबू, काथ्या, शेवटी दगडानं घासलं." तिनं हात पुढे केले. नखांच्या कडा सोलवटल्या होत्या.

"आणि आतला?"

"आतला काय?"

"कालचा."

ती क्षणभर आठवत राहिली. "तळाला होता तो होय? ओतून दिला. असेल दोनेक पळ्या. मला वाटलं, चुकून राहिला असेल."

म्हाताऱ्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला.

त्या टपरीत फक्त हाडांचा रस्सा मिळायचा. वाडगाभर रस्सा आणि दोन पाव, एवढंच. मंडईतल्या लोकांना तेवढं पुरायचं. एकतीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या बायकोनं ते पातेलं चुलीवर चढवलं आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, की हे रिकामं करायचं नाही. टपरी बंद करताना तळाला दोन पळ्या राखायच्या, त्यांना एक कढ द्यायचा, झाकण घालायचं. सकाळी त्यावरच नवं पाणी आणि नवी हाडं. राखून ठेवलेल्याला ती 'कालचा' म्हणायची. आज कालचा जरा जास्त बोलतोय हं, मीठ कमी घाला, असं ती सांगायची. आठ वर्षांपूर्वी ती गेली. पण कालच्यात परवाचा, परवाच्यात तेरवाचा, असं मागे मागे जात राहिलं तर कुठंतरी तिच्या हातचा रस्सा त्यात होताच की. म्हातारा हे कधी कोणाला बोलला नाही. सकाळी झाकण काढायचा, देवाचं नाव घ्यायचा, पळीभर चाखायचा आणि मनात म्हणायचा, आहेस ना. रोज उत्तर मिळायचं.

सून तीन महिन्यांपूर्वी घरात आली होती. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टी घराच्या अंगात मुरलेल्या असतात त्या सांगायच्या कोणाच्या लक्षात राहतात! म्हाताऱ्यानं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला पुन्हा ती नखं दिसली. तोंड मिटलं.

"मी काही चुकले का, बाबा?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "लख्ख झालंय."

मागून मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. एका हातात नवं टेबलक्लॉथ. बापाचा चेहरा बघूनच तो समजला.

"हे बघा बाबा, आज सुतकी तोंड करून उभं राहायचं नाही. त्या काळ्या भांड्याचा फोटो गेला असता ना, तर दोन दिवसांत आरोग्यवाले आले असते. आईचं नाव काढू नका. आई असती तर तिनंच घासलं असतं."

"तिनं नसतं घासलं."

"बरं, नसतं घासलं. आता झालं ना? गेलं ते गेलं. मुळात पाणीच ते. वर जायचंय का खाली राहायचंय, एवढं सांगा."

वर म्हणजे नव्या इमारतीत. मंडई पाडून नवी बांधायची होती आणि मागच्या गल्लीतल्या चाळीस टपऱ्यांपैकी बारांनाच आत जागा मिळणार होती. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. शहरभर हिंडून खाण्याच्या जागा शोधणारा आणि त्यांवर लिहिणारा एक माणूस होता. गल्लीत त्याला सगळे चवीवाला म्हणायचे. त्यानं ज्याला चांगलं म्हटलं त्याच्यासमोर दुसऱ्या दिवशी रांग लागायची, आणि मंडईचे साहेब त्याची यादी समोर ठेवूनच बारा नावं काढणार, असं पक्कं कळलं होतं. समोरच्या भजीवालीकडे तो मागच्या आठवड्यात दोनच घास खाऊन उठला. तेव्हापासून तिच्याकडे माशीसुद्धा बसत नव्हती.

चवीवाला साडेदहाला आला. गोरागोमटा, हसरा, गळ्यात रुमाल. एका हातात काठीला लावलेला मोबाइल. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "ते कधीच रिकामं न झालेलं पातेलं इथलंच ना? तेवढ्यासाठी आलोय हो मी! बाकी गल्ली उद्या केली तरी चालेल."

सुनेच्या हातातला वाडगा ताटलीवर आपटला.

मुलाची पापणीही लवली नाही. "हेच ते! एकतीस वर्षं. आईनं सुरू केलं."

"इतकं चकचकीत?"

"बाहेरून रोज घासतो हो. आत मात्र हात लावत नाही आम्ही. देवच आहे तो आमचा."

म्हाताऱ्यानं पळी घट्ट धरली. सून त्याच्याकडे बघत होती. पहाटे आपण काय ओतून दिलं, हे तिला आत्ता कळत होतं, तेही परक्या माणसाकडून. तिचे ओठ थरथरायला लागले. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे रडू नकोस. म्हणजे बोलू नकोस.

चवीवाल्यानं घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले, कारण मोबाइल चालू होता.

"अहाहा! एकतीस वर्षं उतरलीत जिभेवर. नव्या रश्श्याला ही खोली येत नाही, मंडळी. एकेक वर्ष वेगळं लागतंय."

गल्लीतले दहा-पंधरा जण जमले होते. त्यांनी माना डोलावल्या. पहाटे पाचला चढवलेला रस्सा होता तो.

अकराला रोजच्यासारखा हमाल आला. पाठीवरची रिकामी पाटी त्यानं कोपऱ्यात उभी केली, कोपऱ्यातल्याच स्टुलावर बसला आणि हातातला पितळी डबा समोर ठेवला. पातेल्याइतकंच जुनं गिऱ्हाईक. म्हाताऱ्याची बायको गेली त्या दिवशी सगळे तिला पोचवायला गेले, आणि हा मात्र टपरीत चुलीपाशी बसून राहिला. तिचा विस्तव विझू द्यायचा नाही, म्हणाला. त्या एका दिवशी त्यानं पातेलं राखलं होतं. रोज इथं एक वाडगा प्यायचा, आणि डबा भरून अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला न्यायचा. भरून घेण्याआधी कोपऱ्यावरच्या नळावर तो डबा तीनदा विसळायचा, मगच पुढे करायचा.

आज त्यानं डबा विसळला नव्हता.

"बहिणीला ताप होता काल," तो म्हाताऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला. "घोटभर पण गेला नाही तिच्या पोटात. डबा तसाच भरलेला. सकाळी कढ देऊन घेऊन आलो. टाकवेना रे. तुझ्या बायकोनं सवय लावलीय ना, टाकायचा नाही म्हणून. दुपारी पावाबरोबर मीच खाईन."

म्हातारा त्या डब्याकडे बघत राहिला. झाकणाच्या कडेला तेलकट ओघळ वाळला होता. कालचा. काल ह्याच वेळी त्यानंच आपल्या हातानं भरून दिलेला. दोन पळ्या काय, चांगल्या पाच-सहा होत्या त्यात.

देव दार बंद करतो करतो आणि कुठूनशी फट ठेवतो, ती अशी. म्हातारा फळीवरून पुढे वाकला. "दे," तो पुटपुटला. "गड्या, तो डबा दे इकडे..."

"हे कोण?" चवीवाल्याची काठी वळली. "जुनं गिऱ्हाईक वाटतं! वा! काका, किती वर्षं येताय?"

"पातेलं चढलं तेव्हापासून."

"मग तुमच्याइतका जाणकार कोण? या, असे पुढे या. कॅमेऱ्यात बघून सांगा, कशी आहे चव?"

मुलानंच वाडगा भरून हमालाच्या हातात दिला. हमालानं आधी मोबाइलकडे बघून हसून घेतलं. त्याच्या आयुष्यात त्याला कोणी कशाचं मत विचारलं नव्हतं. मग त्यानं घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. हसू गेलं.

"हा तो नाही."

"काय?"

"हा तो रस्सा नाही. चांगलाय. पण आजचाच आहे हा. ह्याच्यात कालचा नाही."

मुलगा मोठ्यानं हसला. "काका, वय झालं तुमचं! दात गेले, जीभ पण गेली वाटतं. ह्यांना परवा लिंबू दिलं तर गोड आहे म्हणाले होते हो!"

सगळे हसले. भजीवालीसुद्धा हसली, आठवड्यात पहिल्यांदा. हमालाचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं आपला डबा उघडला.

"थट्टा करा, पण हा बघा. कालचा आहे ना माझ्याकडे! काल इथूनच नेलेला. साहेब, दोन्ही चाखा. हा घोट घ्या आणि मग तो घ्या. तुम्हाला कळेल की."

त्यानं झाकणात थोडा रस्सा ओतला आणि हात लांब केला. गडद, जवळजवळ काळा. वास म्हाताऱ्यापर्यंत आला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

"ईऽ, काका! कालपासूनचं शिळंपाकं पाहुण्यांना पाजताय?" मुलगा मधे आला. "कुठल्या टपरीवरून आणलंय देव जाणे! ह्या टपरीवरून त्या टपरीवर हिंडत असतात. आम्ही आपलं जुने म्हणून बसू देतो."

चवीवाला अर्धं पाऊल मागे सरकला होता. तरी काठी खाली आली नव्हती. भांडण त्याला हवंच होतं. त्यानं मोबाइल म्हाताऱ्याकडे वळवला.

"आजोबा, हे तुम्हीच मिटवा. पातेलं तुमचं. हा डब्यातला रस्सा तुमचा आहे का?"

देवानं माणसाला जीभ दिली ती चाखायलाही आणि खरं बोलायलाही. म्हाताऱ्याची जीभ एकतीस वर्षांत पहिल्या कामात एकदाही चुकली नव्हती. त्यानं मुलाकडे बघितलं. मुलाच्या गळ्याची शीर उडत होती. त्यानं सुनेकडे बघितलं. तिनं सोललेली बोटं पदरात लपवली होती. हो म्हटलं की यादीतून नाव जाणार, आणि मुलगा जन्मभर त्या पोरीला ऐकवणार, की तू ओतलंस. हमाल बघत होता. तो अजिबात घाबरलेला नव्हता. आपला मित्र आता बोलणार, एवढंच त्याच्या तोंडावर होतं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "तो आमचा नाही."

"नक्की?"

"आमचा असा नसतो."

"ऐकलंत, मंडळी!" चवीवाला म्हणाला, आणि काठी परत पातेल्याकडे गेली.

हमाल जागचा हलला नाही. झाकणातला रस्सा त्यानं परत डब्यात ओतला, थेंबही न सांडता. मग म्हाताऱ्याजवळ येऊन त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तुझा नाही?"

म्हातारा पळी पुसायला लागला.

"मग मी हा जपून कशाला ठेवू!"

तो कोपऱ्यावरच्या नळावर गेला. म्हातारा टपरीच्या फळीमागून बघत होता. मधे फक्त वीस पावलं होती. हाक मारली असती तरी पोचली असती. हमालानं डबा तिरका केला. रस्सा दगडावर पडला, पसरला, गटाराच्या जाळीतून संथ खाली गेला. त्यानं डबा एकदा विसळला. दुसऱ्यांदा विसळला. तिसऱ्यांदा विसळून पालथा धरून झटकला आणि परत येऊन फळीवर ठेवला.

"भर. बहिणीला आज भूक लागलीय."

म्हाताऱ्यानं डबा भरला. काठोकाठ भरला. हमालानं झाकण लावलं, पाटी पाठीवर घेतली आणि गर्दीतून निघून गेला. अर्धा राहिलेला वाडगा स्टुलावर तसाच होता.

दुपारी दोनपर्यंत चवीवाल्याचं बोलणं शहरभर पोचलं. टपरीसमोर रांग लागली. मुलगा ओरडून वाडगे मोजून देत होता. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षांचा रस्सा!" सून पाव कापत होती, आणि मधेच तिचं लक्ष सासऱ्याच्या रिकाम्या जागेकडे जात होतं.

म्हातारा कोपऱ्यावरच्या नळाशी उभा होता. जाळीच्या सळ्यांवर आणि दगडाच्या खाचेत रश्श्यातल्या चरबीचा पातळ पांढरा थर धरला होता. सावलीतला नळ, तिथं ऊन येत नसे.

फळवाली बादली घेऊन आली. "सरका हो, आजोबा. हात धुवायचेत."

"पलीकडच्या नळावर जा," म्हातारा म्हणाला. "हा बिघडलाय."