ओतल्याची तारीख

धाकट्या दिराने तिच्या पाठीत खंजीर खुपसला, आणि तोही बरोब्बर समोरच्या गाळ्यात बसून!

आठ वर्षं त्याने तिच्या हाताखाली साबणाची कढई ढवळली, तेलांची मापं तोंडपाठ केली. गेल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला संध्याकाळी हात धुताधुता म्हणाला, "वहिनी, आता स्वतःचं काहीतरी करायचंय." करा ना, कोण नको म्हणतंय! पण आठव्या दिवशी समोरचं शटर वर गेलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तोच पिवळा कागद, तीच सुतळी, तशीच चौकोनी वडी, आणि भाव कमी. आधीच त्या गल्लीत साबणाची चौदा दुकानं, त्यात हे पंधरावं. जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडची वडी नेत आणि भांडायला तिच्याकडे येत, "ताई, तुमचा साबण हल्ली दोन दिवसांत विरघळतो हो."

विरघळणारच! ओतलेला साबण सहा आठवडे फळीवर सुकला, की मग कडक होतो. भाऊजींना एवढा धीर कुठला? चार दिवसांत कागदात गुंडाळून मोकळे.

"जाऊ दे गं, आपलाच आहे तो," नवरा म्हणाला.

"आपला आहे म्हणूनच सोडणार नाही," ती म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

महिनाअखेरीला एका मोठ्या हॉटेलची खरेदी बघणारी बाई गल्लीत येणार होती. वर्षभराचा साबण ती एकाच दुकानाकडून ठरवणार होती. ते काम हातचं गेलं असतं, तर कढई पालथी घालून गाळा सोडावा लागला असता, हे नवरा-बायको दोघांनाही कळत होतं.

तिने पिवळा कागद बंद केला. उघड्या वडीवर साधी पांढरी पट्टी, आणि पट्टीवर ती वडी ओतल्याची तारीख. येईल त्याला सांगायची, "सहा आठवडे झाल्याशिवाय मी हातात देत नाही. कुणाकडूनही घ्या, पण आधी तारीख विचारा." पंधरा दिवसांत गल्लीभर लोक तारीख विचारू लागले. समोरच्यालाही विचारू लागले. तिला तेच तर हवं होतं. तिचं काहीही दिसलं की उचलायचं, ही त्याची जुनी खोड. हेही उचलणार याची तिला खात्री होती. आणि दोन दिवसांत त्याच्याकडच्या वड्यांवरही पांढऱ्या पट्ट्या आल्या. पट्टीवर गेल्या महिन्याची दहा तारीख. ती वाचून तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

हॉटेलची बाई आली ती आधी समोर शिरली. दीर तिच्यापुढे वड्या मांडून म्हणत होता, "सहा आठवड्यांच्या वर झाले मॅडम, तारीखच बघा ना."

आपल्या गाळ्यातून उठून वहिनी रस्ता ओलांडून गेली आणि तिने एक वडी उचलली.

"भाऊजी, दहा तारखेला तुम्ही कुठे होतात हो?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, हे घरी बोलू या."

"इथेच बोलू. पंचवीसपर्यंत तुम्ही माझ्या कढईपाशी होतात, सगळ्या गल्लीने पाहिलंय. मग ही वडी दहा तारखेची असेल, तर ती माझ्या फळीवरून उचललेली. आणि नसेल, तर तारीख खोटी. चोर म्हणवून घेताय की खोटारडे? तुम्हीच सांगा, मला दोन्ही चालेल."

आजूबाजूचे दुकानदार पायऱ्यांवर आले होते. तिचा नवराही येऊन उभा राहिला, पण धाकट्या भावाच्या बाजूला गेला नाही. हॉटेलच्या बाईने हातातली वडी खाली ठेवून बोटं रुमालाला पुसली.

"तारीख खोटी आहे," दीर पुटपुटला.

"मोठ्याने बोला भाऊजी," ती म्हणाली. "शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं नाही."