एका बाजूला तापी असेल तर

“सर, एका बाजूला तापी असली तरी वर्तुळच का?”

सारंगखेड्याच्या रुपाने हे अकरावीच्या वर्गात उभं राहून विचारलं. आपणहून नाही हं. मागच्या बाकावरून रोहिणी आणि रिम्शा तिला डिवचत होत्या, “हिंमत शे तं सरले इचार, नहीतं गप बस.”

मित्रांनो, तेव्हा फळ्यावर मी होते. मी गणितातली एक जुनी असमानता आहे. हातात असेल तेवढ्या तारेत, तार चारही बाजूंनी लावून, जास्तीत जास्त जागा घेरायची तर वर्तुळ करा, त्याहून जास्त मिळणार नाही, एवढंच मी सांगते. गणितज्ञांनी जागेच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, त्यांची बेरीज केली, तिला संकलन म्हटलं आणि मला पक्कं केलं. कौतुक तर काय विचारता. मग जो तो मला ताणायला लागला. कुणी गोळ्याच्या पाठीवर नेलं, कुणी चार मितींत. त्याचा मला राग नाही. राग आहे तो माझी अट गाळणाऱ्यांचा. ‘तार चारही बाजूंनी’ हे शब्द शाळेत पोचेपर्यंत गळाले आणि उरलं काय, तर ‘उत्तर : वर्तुळ’. पाठ करा, गुण घ्या.

सरही तेच म्हणाले. “नेहमी वर्तुळच. खाली बस.”

रुपा कसली बसते. “नदीच्या बाजूला तार लागतच नाही, सर. तेवढ्याच तारेचं काठाला टेकवून अर्धवर्तुळ केलं तर जागा वर्तुळाच्या दुप्पट होते. म्हणजे हा नियम खोटा आहे.”

मी खोटी? सरांपेक्षा मला तिचाच संताप आला. सरांनी तर तिच्या वडिलांना, नवनीतआबांना, फोनच लावला. मुलीला गणित झेपत नाही, विषय सोडायला सांगा.

“सर सांगतस ते आयक,” संध्याकाळी आबा म्हणाले. “सोडी दे गणित. कसाले डोकं फोडस?”

रुपा मागच्या ओट्यावर गेली. खडूने सरळ रेघ मारली, तो नदीचा काठ. त्याला टेकून अर्धवर्तुळ. मग पाण्यात दिसावं तसं पलीकडे त्याचं प्रतिबिंब काढलं आणि थबकली. तार आता चारही बाजूंनी होती. तार दुप्पट, म्हणून जागा चौपट, आणि त्यातली अलीकडची अर्धी. दुप्पट बरोबरच होतं, पण ते माझ्यातूनच निघत होतं. खाली तिने लिहिलं, ‘काठ सरळ असेल तरच.’

माझा राग मात्र गेलेला नाही, मित्रांनो. मला खुशाल मोठं करा, हवं तिथे न्या. पण माझी अट सांभाळा. ती टाकून माझं नाव घेतलंत तर मी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही.

हातावरचा खडू झटकत रुपा चुलीपाशी गेली. आबा जेवत होते, माय भाकरी टाकत होती.

“आबा, माय, सकाय मी सरले सांगसू,” ती म्हणाली. “मी नियम खोटा सांगा ती मन्ही चूक. सरनी ‘नेहमी’ सांगं ती त्यासनी. आनि गणित मी सोडनार नही.”