दालगिलच्या बापाच्या डोक्यावरचा ओक

“ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?” मालजाने घंगाळात हात घालून विचारलं. “बुडालेली चांगली दोतोरी पाखरांना, आणि तरंगणारी किडकी आपल्याला?”

“किडकी फेकणार आहे,” बोंगनाम आपल्या धाकट्या जावेला म्हणाली. “यंदा मुक करायची नाही.”

मालजा मटकन ओट्यावर बसली. बोंगनामने मुक करायची नाही म्हणजे डोंगराने यंदा उभं राहायचं नाही असं ठरवण्यासारखं होतं. ओकची ही फळं, दोतोरी, दळायची, पाणी बदलून बदलून त्यांचा कडूपणा काढायचा आणि खरवसासारखी थरथरती मुकची वडी थापायची, यात तिचा जन्म गेला होता. आणि हा सगळा जन्म घरामागच्या एकाच झाडाखाली गेला होता.

वसंतात ती गुडघ्याच्या ऑपरेशनला शहरात गेली. नवा गुडघा घेऊन परतली तेव्हा झाड नव्हतं. वरच्या घरच्या दालगिलने ते कापलं होतं. सावली त्याच्या बापाच्या कबरीवर पडायची, गवत पिवळं व्हायचं, म्हणून. विचारलं नाही, कारण दवाखान्यातल्या माणसाला कशाला त्रास द्या. उलट खोडाचे ओंडके करून, त्यांत अळंबीचं बी भरून, तिच्या भिंतीला नीट टेकवून ठेवले होते.

“वहिनी, ओकवर अळंबी फार सुरेख येतात बरं का,” तो म्हणाला होता.

आली. खरंच सुरेख आली. तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता.

तेव्हापासून ती नव्या गुडघ्याने रान चढून दोतोरी आणायची, पाण्यात टाकून किडकी वेगळी करायची आणि निवडक फळं कुंपणाच्या दगडांवर मांडायची. ओची पाखरं यायची, गळा फुगेपर्यंत गिळायची आणि उडायची. ओचीचा स्वभाव तिला पाठ होता. रानात पुरलेलं उंदीर खातात, म्हणून हा पक्षी आपली बेगमी मोकळ्यावर, आखूड गवतात, एकेक फळ वेगळं टोचून लपवतो. वर पान ठेवतो. मग त्यातलं बरंचसं विसरतो.

आणि अख्ख्या खोऱ्यात सगळ्यात आखूड गवत दालगिलच्या बापाच्या कबरीवर होतं. तो ते असं राखायचा की आतल्या म्हाताऱ्याला रोज न्हाव्याकडून आल्यासारखं वाटावं.

“पाखरांवर फार जीव हो तुमचा, वहिनी,” एकदा कुंपणापाशी थांबून दालगिल म्हणाला.

“वय झालं भावोजी. थोडं पुण्य करावं म्हटलं.”

पुढच्या वसंतात पुण्य उगवलं. कबरीच्या गोल उंचवट्यावर, बरोबर डोक्याकडे, तांबूस पानांची रोपं उभी राहिली. दालगिलने यंत्र फिरवलं. ओकच्या रोपाचं मूळ मात्र आधीच हातभर खाली गेलेलं असतं. वरून कापलं की ते चिडतं आणि एकाला दोन फांद्या काढतं. दालगिल कापत गेला, झाडं दाट होत गेली.

उपटायची सोय नव्हती. कबरीत कुदळ घालायची तर दिवस बघावा लागतो, आणि खुशाल घालायची तर अधिक महिना यावा लागतो. त्या महिन्यात सगळी देवभूतं रजेवर असतात. तो अजून लांब होता. तोवर दालगिलच्या घरी जे बिघडेल ते मुळांमुळे. मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं, मूळ बरगडीत गेलं असणार. राइस कुकर जळाला, मूळ पोटापर्यंत पोहोचलं.

छुसकच्या सणाला, पितरांना पुजायला, त्याचे काका आले. सगळे भाऊबंद कबरीपुढे उभे असताना म्हातारा ओरडला, “दालगिल! माझ्या दादाला शिंगं फुटलीत, आणि तू काय बघत बसलायस?”

अंगणात बसून बोंगनामने ते स्वच्छ ऐकलं. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

असे आणखी दोन हिवाळे तिने कुंपणाचे दगड दोतोरींनी भरलेले ठेवले. मग अधिक महिना आला. दालगिलने कबर उघडली, बापाला वेचून पांढऱ्या डब्यात भरलं आणि डबा छातीशी धरून तिच्या दारात आला.

“बाबांना शहरात नेतोय, वहिनी. अस्थी ठेवायची मोठी इमारत आहे. सातवा मजला. लिफ्ट आहे. आम्हीही तिकडेच राहणार, मुलाजवळ.”

“बरं.”

“तिथे पाखरं येणार नाहीत.” त्याने कुंपणाकडे बघितलं. “मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. तुमच्या कुंपणावरून पाखरू उठायचं ते सरळ बाबांकडे.”

“मग बोलला का नाहीत, भावोजी?”

“काय बोलणार? मीही कुठे विचारलं होतं?”

त्याला ऐकवायचं म्हणून तिने कितीतरी साठवून ठेवलं होतं.

“लिफ्ट बंद पडते कधीकधी,” ती म्हणाली.

दालगिलने मान हलवली आणि बापाला घेऊन बसच्या दिशेने उतरला.

त्या वर्षी कबरीच्या टेकडीवर कंबरभर गवत माजलं. गवतात उंदीर आले. ओचींनी तिकडे फिरकणं सोडलं. खड्ड्याच्या कडेने उरलेली रोपं आत कुठेतरी गुदमरत होती, आणि वरच्या घरात त्यांच्यावर चिडायला कोणी नव्हतं.

छुसकच्या आधी लोक कबरी साफ करायला डोंगर चढू लागले, तशी बोंगनामने विळा उचलला.

“आता कोणावर सूड?” मालजा म्हणाली. “तो तर गेला!”

“तू भाताचं बघ.”

दुपारपर्यंत तिने निम्मी टेकडी मोकळी केली. पलीकडच्या डोंगरावर निघालेलं एक कुटुंब वाट वाकडी करून आलं. मातीचा विस्कटलेला खड्डा, एकटी म्हातारी, हातात विळा.

“आजी, तुमचं कोण आहे इथे?” बाईने हळूच विचारलं.

“शेजारी होते,” बोंगनाम म्हणाली. “गेले.”

त्या माणसांनी टोप्या काढल्या, ओळीत उभं राहून रिकाम्या खड्ड्याला दोनदा लवून नमस्कार केला. बोंगनामने त्यांना अडवलं नाही. ती गुडघ्यावर बसून एका रोपाभोवतीचं गवत मुठीत धरून कापत होती, पात्याचा कोवळ्या खोडाला धक्का लागू न देता.