वाचून दाखवला, बरोबर आहे

करखात्यात अकरा वर्षं मी जबाब टाइप करतो. साहेब विचारतात, समोरचा माणूस उत्तर देतो आणि साहेब सांगतील ते मी कागदावर उतरवतो. शेवटची ओळ मात्र मी सगळ्यांत आधी टाइप करून ठेवायचो: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' तेवढाच वेळ वाचायचा. फार शहाणा समजायचो मी स्वतःला.

तीन वर्षांपूर्वी एक सोफेवाला आला होता. धाकट्या भावाबरोबर भागीदारीत दुकान चालवायचा. चष्मा घरी विसरून आलेला.

"हिशेबाची दुसरी वही कोण ठेवतं?" साहेबांनी विचारलं.

"अशी कुठली वही मला माहीत नाही, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा, दुसरी वही धाकटा भाऊ ठेवतो."

मी लिहिलं. सही करताना तो मला हळूच म्हणाला, "जरा वाचून दाखवता का?"

जेवणाची सुट्टी झाली होती. मी म्हणालो, "अहो, तुम्ही बोललात तेच आहे. करा सही."

त्या कागदावरून भावाला धरलं, दुकानाला टाळं लागलं. सोफेवाला वर्षभरात गेला. तेव्हापासून कुणाचाही जबाब चालू असला की माझ्या कानाशी तोच आवाज येतो, जरा वाचून दाखवता का. बायको म्हणते, कान तपासून घ्या. कानांना काय धाड भरलीय!

काल त्याच खुर्चीत त्या सोफेवाल्याची बायको येऊन बसली.

"दुकानाचा माल घरी असायचा?" साहेबांनी विचारलं.

"मी दुकानाच्या कामात कधी नव्हते. मला माहीत नाही."

"लिहा, काही माल घरी असायचा."

या वेळीही मी लिहिलं. सवय. कागद छापून आला, साहेबांनी पेन पुढे केलं, बाईंनी ते घेतलं. आणि खुर्चीमागून तो आवाज आला, अगदी स्पष्ट.

"थांबा बाई," मी म्हणालो. "आधी ऐका. तो तुमचा हक्क आहे. चुकीचं असेल ते खोडता येतं."

साहेबांचे डोळे वटारलेले. मी वाचत गेलो. मालाच्या वाक्याला बाईंनी हात वर केला. "हे मी बोलले नाही."

"अर्थ तोच होतो," साहेब म्हणाले.

"अर्थ नको साहेब, त्या बोलल्या तेवढंच," मी म्हणालो. वाक्य खोडलं, शेजारी त्यांची सही घेतली, प्रत त्यांच्या हातात दिली. साहेब दार आपटून निघून गेले.

बाई उठल्या नाहीत.

"ह्यांना दाखवला होता वाचून?"

खोटं बोलायची सोय होती. कागदावर तसं लिहिलेलंच होतं.

"नाही," मी म्हणालो. "आणि भावाचं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं."

त्यांनी हातातल्या प्रतीची घडी घातली.

"मरेपर्यंत हेच सांगत होते मला," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, सही तुमचीच आहे ना? मग गप्प बसा."