बांबूवरचे नारळाचे पान

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पोटाला सात ठिगळे, वल्ह्याची एक खुंटी उसनी, आणि थापा मारण्यात साऱ्या मेकाँग नदीवर माझ्यापुढे कोणी टिकत नाही. एका पुरात मी देवळाच्या कळसाला दोर बांधून झोपले होते आणि सकाळी घंटा वाजवून मासे मला उठवायला आले होते, हे मी तुम्हाला शपथेवर सांगेन. ते खोटे आहे. पण आज जे सांगणार आहे ते खरे आहे. ओळखायची खूण एकच: थाप मारताना माझ्या फळ्या गप्प असतात, आणि हे सांगताना त्या कुरकुरतात.

एका कालव्याकाठी म्हाताऱ्या सुताराने मला साव झाडाच्या लाकडातून घडवले. शेवटी माझ्या पुढच्या टोकावर दोन्ही बाजूंना डोळे रंगवले. आमच्याकडे होडीला डोळे लागतातच, नाहीतर तिला वाट कशी दिसणार? डोळे उघडले आणि मला पहिल्यांदा दिसली ती लुआ. एकोणीस वर्षांची, नवी नवरी, हातात कालथा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "ही जरा तिरळी आहे. बरंय, एकाच वेळी दोन गिऱ्हाईकं बघेल."

तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या झालो.

आमचा बाजार पाण्यावर भरतो. तिथे ओरडून उपयोग नाही, इंजिनांच्या फटफटीत कोण कोणाचे ऐकतो! म्हणून जे विकायचे ते उंच बांबूवर टांगायचे. बांबूवर अननस दिसला की होडीत अननस आहेत. बांबूवर भोपळा, तर भोपळे. वाळत घातलेले कपडे तेवढे विकायचे नसतात. आणि एक वस्तू अशी आहे की ती टांगली की माल नाही, खुद्द होडीच विकायला काढली असे समजतात. ती म्हणजे नारळाचे पान. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने पान उतरवले की सौदा झाला. आणि टांगणाऱ्यानेच घाबरून ते उतरवले, तर वर्षभर सारा बाजार त्याला हसतो, की याचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ.

माझ्या बांबूवर ते पान दोनदा चढले.

पहिल्या वेळी लुआचा नवरा वादळात बुडून तीन महिने झाले होते. झोळीत तिची तान्ही लेक थोआ रडत होती. लुआने पान टांगले आणि खाली बसली. एक भोपळेवाला आला, मला ठोकून पाहिले, "तासाभरात येतो" म्हणून गेला. आता मित्रांनो, लुआत एक खोड होती. तिचे हात रिकामे राहत नसत. तिने बांबू मांडीवर वाकवला आणि त्या पानाची एकेक पाती दुमडून, गुंफून, देठावरून न तोडताच नाकतोडे विणायला लागली. थोआ रडायची थांबली. भोपळेवाला परत आला तेव्हा बांबू पुन्हा उभा होता, आणि वर पानाऐवजी हिरव्या नाकतोड्यांची रांग झुलत होती.

"अगं बाई, होडी विकतेस ना?" तो म्हणाला.

"होडी? बांबूवर काय आहे ते बघा. मी नाकतोडे विकते."

शेजारच्या होडीत कॉफी विकणारी बोंग इतकी हसली की तिची किटली पाण्यात पडली. तिने एक पेला कॉफी देऊन पहिला नाकतोडा घेतला. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी झाल्या, म्हणजे रोज भांडायला लागल्या. "तुझ्या चुलीचा धूर माझ्या कॉफीत!" "मग काय, तेवढीच तुझ्या कॉफीला चव!"

लुआ माझ्यावर तांदळाच्या शेवयांचा रस्सा विकायची. मोटारबोटीच्या लाटेने पातेले कलंडते, म्हणून तिने चूल तीन साखळ्यांनी टांगली. मी कितीही डुलले तरी रस्सा देवासारखा स्थिर! वाटी पोहोचवायला बांबूचा लांब हात केला. माझ्या पोटाला भोक पडले तेव्हा तुटक्या चपलेचा तुकडा राळेने चिकटवला. ते ठिगळ अजून आहे, आणि पायाखाली आल्यासारखे अजून चिडते. प्रत्येक पोराला रश्शाबरोबर एक नाकतोडा फुकट. लांबलांबून होड्या यायच्या. "तिरळ्या होडीवरचा रस्सा" म्हणून माझेही नाव झाले. मी फुगले होते, पाण्याने नव्हे.

आणि दर वर्षी तेत सणाच्या आधी, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या आधी, लुआ माझे डोळे नव्याने रंगवायची. जुना रंग सुरीने खरवडायचा, मग लाल, मग पांढरा, मग मधोमध काळी बाहुली.

मग रस्ता आला, पूल आला, गिऱ्हाईक चाकांवर निघून गेले. होड्या विरळ झाल्या. थोआ शहरात बुटांच्या कारखान्यात गेली. लुआला खोकला लागला. बोंग रोज म्हणायची, "पोरीला कळव." लुआ म्हणायची, "तेतला येईलच की. तोवर हिचे डोळे करून ठेवते." एका सकाळी तिने माझा डावा डोळा खरवडला, ब्रश भिजत घातला, आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिला किनाऱ्यावर नेले. ती परत आली नाही. ब्रश डब्यातच वाळून दगड झाला.

अशी मी डाव्या डोळ्याने आंधळी झाले.

थोआ आली ती उशिरा. शंभराव्या दिवशी जेवण घातले. त्या दिवसानंतर रडायचे नाही अशी आमची रीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्यावर आली, हातात नारळाचे लांब पान. मला वाटले नाकतोडे होणार! पण तिने ते सरळ बांबूच्या टोकाला बांधले.

मित्रांनो, पाण्यात आयुष्य गेले तरी तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली.

पहिला आला तोंगशेठ. शहरात त्याची खाणावळ आहे. थोआने एकच विचारले, "शेठ, चालवणार ना हिला? माझ्या आईची आहे."

"चालवणार म्हणजे! उत्तम चालवणार," तो म्हणाला. "ओहोटीला पाणी उतरायच्या आत माणसं आणि दोर घेऊन येतो. तोवर पान कुणाला देऊ नकोस."

"नाही देत. शब्द."

थोआ मागे जाऊन भांडी बांधू लागली. आणि उजव्या बाजूला, तिला न दिसेलसा, शेठचा सुतार पाण्यात उतरला. माझा उजवा डोळा शाबूत होता. त्याने खिशातून खडू काढला आणि माझ्या पोटावर उभी रेघ ओढली, काठापासून पार पाण्यापर्यंत.

"इथून कापली की दोन्ही अर्ध्या उभ्या करू," तो शेठला हळूच म्हणाला. "दाराच्या दोन्ही बाजूंना. लोक फोटो काढतील."

"हळू बोल, पोरगी ऐकेल," शेठ म्हणाला, आणि दोघे फटफटत गेले.

आयुष्यभर मी इतकी बडबड केली, आणि त्या सकाळी मला एक शब्द फुटेना. होडीचे बोलणे माणसांना कुठे कळते! मी कुरकुरले, दोर ताणला, सातही ठिगळांतून थोडेथोडे पाणी आत घेतले. थोआने मुकाट्याने ते उपसले. पाणी उतरायला लागले होते. काठावरची ओली रेघ एक बोट वर राहिली. मग दोन बोटे.

तेवढ्यात बोंगची कॉफीची होडी आली आणि नेमकी माझ्या उजव्या बाजूला लागली. तिने मान वर करून पान पाहिले. मग म्हणाली, "शंभर दिवस थांबलीस. आणखी एक दिवस नाही धीर धरवला तुला?"

"मावशी, नका ना."

"मी कुठे काय म्हणते? विक. कॉफी घे."

"मला या होडीत बसवत नाही," थोआ म्हणाली. "आई गेली तेव्हा मी बुटांच्या तळव्यांना डिंक लावत होते. इथे प्रत्येक फळी कुरकुरते नि विचारते, तू कुठे होतीस?"

मित्रांनो, मी तिला असे कधीच विचारले नव्हते. फळ्या पाण्यामुळे कुरकुरतात. पण हे तिला सांगणार कोण?

"फळ्या कशाला विचारतील? मी विचारते ना, मला तोंड आहे," बोंग म्हणाली. "मला वाईट वाटलं होतं. आता संपलं, शंभर दिवस झाले." तिने पेला पुढे केला आणि हात थांबवला. "ही खडूची रेघ कसली गं?"

"कसली रेघ?"

थोआ काठावरून वाकली. सुताराची रेघ कशासाठी असते हे तिला कळत होते, तीही होडीतच वाढलेली. तिचा चेहरा उतरत गेला.

"चालवणार म्हणाला होता," ती पुटपुटली.

"कापून चालवणार असेल. काढ ते पान!"

"कसं काढू? शब्द दिलाय. आणि मीच उतरवलं तर आईच्या होडीवरून सगळे हसतील."

लांबून इंजिनाचा आवाज आला. तोच. आजारी बदकासारखा.

बोंगने तिचे मनगट धरले. "तुझ्या आईनेसुद्धा हे पान उतरवलं नव्हतं. ऐक. वाकव तो बांबू."

बोंगने एका दमात ती जुनी गोष्ट सांगितली, भोपळेवाल्यासकट. थोआने बांबू मांडीवर घेतला. पाती दुमडली. सुटली. पुन्हा दुमडली, फाटली.

"तुम्ही करा ना मावशी, माझी बोटं विसरलीत!"

"मला कधी आलं असतं तर! मी आयुष्यभर विकतच घेतले. तू झोळीत असल्यापासून बघत होतीस. बघू नकोस, नुसती कर."

इंजिन जवळ आले. थोआने डोळे मिटले. बोटांना डिंकाने घट्टे पडलेले, तरी ती बोटे चालू लागली. एक दुमड, एक पीळ, खालून वर. पहिला नाकतोडा लंगडा झाला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला मिशा आल्या. माझ्या उजव्या डोळ्याला शेठची बोट दिसत होती. दोर, चार माणसे, आणि कापडात गुंडाळलेले काहीतरी लांब, दात असलेले.

चार... पाच... बोट आदळली तेव्हा बांबू नुकताच सरळ झाला होता.

"चला, पान उतरवतो," म्हणत शेठने हात वर केला आणि तसाच राहिला. वर सहा नाकतोडे डुलत होते.

"पान कुठंय?"

"वर बघा की शेठ. उतरवलं नाही मी," थोआ म्हणाली. तिने बांबूच्या टोकाकडे बोट दाखवले. "ही नाकतोड्यांची होडी आहे."

"शब्द दिला होतास तू!"

"तुम्हीही दिला होता. चालवणार म्हणालात." तिने खडूच्या रेघेवर बोट ठेवले. "ही कशाची?"

शेठने सुताराकडे पाहिले. सुतार आकाशाकडे बघू लागला, जणू तिथे कोणी रेघ ओढली होती. आसपासच्या होड्यांवर हसू पिकले. एक कोबीवाली ओरडली, "शेठ, एक नाकतोडा तरी घ्या, दाराला लावायला!"

ओहोटीत अडकू नये म्हणून ते निघून गेले. बोंगने ओल्या फडक्याने रेघ पुसली. पुसताना ती रडत होती. रीत मोडली, पण मी कोणाला सांगितले नाही. तुम्हीही सांगू नका.

थोआची रजा संपली, ती कारखान्यात गेली. आता बोंग माझ्यावर कॉफी आणि रस्सा दोन्ही विकते, आणि रस्सा बिघडला की आकाशाकडे बघून लुआशी भांडते. पुढच्या तेतला मात्र थोआ आली. तिने नवा ब्रश आणला आणि माझा डावा डोळा रंगवला. हात आईइतका बसलेला नाही, काळी बाहुली वर सरकली. त्यामुळे मी पहिल्यापेक्षा जास्त तिरळी झाले आहे. एक डोळा नदी बघतो आणि एक कायम बांबूच्या टोकाकडे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी असेल, ज्याचा हात कधी रिकामा राहत नाही. त्या हाताने काय काय केले ते आजच विचारून घ्या, आणि जमले तर शिकून घ्या. माझ्या फळ्या कुरकुरताहेत, ऐका. आणि अधूनमधून कोणाच्या तरी डोळ्यांचा रंग उडालाय का, तेही बघत जा. मी बघते. बांबूवर सध्या नाकतोडेच आहेत.